नागभीडच्या बाजूचा खिळा

परवा पुतणीला आणायला विमानतळावर गेलो आणि तीन तास लोखंडी खुर्चीत बसून कंबर मोडून घेतली. विमान उशिरा. का, तर म्हणे विमानांना वाट देणारी माणसंच कमी आहेत. चौघांचं काम दोघांवर पडलंय, म्हणून विमानं जिथल्या तिथे तिष्ठत उभी. भोवतालची शिकलीसवरली मंडळी त्या न दिसणाऱ्या माणसांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शेजारचा एक गृहस्थ मला म्हणाला, "झोपले असतील साले!" मी म्हणालो, "झोपले असते तर बरं होतं हो. जागे आहेत हीच पंचाईत आहे." त्यानं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि खुर्ची बदलली.

बदलू दे. त्याला काय सांगणार? मीही एके काळी वाट देणाराच माणूस होतो. विमानांना नाही, छोट्या लाईनच्या आगगाडीला. शिव्या मात्र ह्याच होत्या, शब्दाचाही फरक नाही.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणत असू. चांद्याहून नागभीडकडे जंगलातून जाणाऱ्या छोट्या लाईनवर एका स्टेशनात मी धाकटा मास्तर होतो. स्टेशनाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांची नातवंडं अजून तिथेच राहतात. टिनाच्या छपराची एक खोली, तिच्यातच तिकिटाची खिडकी, तिच्यातच तारेचं यंत्र. बाहेर सागाचे ओंडके आणि बांबूचे ढीग, मालगाडीची वाट बघत. पावसाळ्यात छपरातून गळायचं, आणि नेमकं जिथे रजिस्टर ठेवायचं तिथेच गळायचं.

काम काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लाईन एकेरी. इकडची गाडी ज्या रुळावरून तिकडे जाते, तिकडची त्याच रुळावरून इकडे येते. म्हणून दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी हवी. मी तार ठोकून पुढच्या मास्तराला विचारायचं, वाट मोकळी आहे का? तो हो म्हणाला की एक नंबर सांगायचा. तो नंबर मी रजिस्टरात लिहायचा, एका चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. त्या चिठ्ठीच्या भरवशावर ड्रायव्हर गाडीभर माणसं घेऊन जंगलात शिरायचा. उलट पुढच्या मास्तरानं विचारलं आणि मी हो म्हटलं तर माझा नंबर त्याच्याकडे. बस. मध्ये दुसरं काही यंत्र नाही, कुलूप नाही. मास्तराचं डोकं ठिकाणावर पाहिजे, एवढीच काय ती सोय.

आणि डोकं ठिकाणावर राहायला माणसाला झोप लागते, हे वरच्या ऑफिसला कोणी सांगितलंच नव्हतं.

स्टेशनावर तीन मास्तर हवेत. एकाला दुसऱ्या स्टेशनात नेलं, तिथे म्हणे आमच्याहून जास्त नड होती. दुसऱ्याला हिवताप भरला, तो दात वाजवत गावी गेला तो गेलाच. उरलो मी. रोज ऑफिसला तार करायचो, माणूस पाठवा. रोज उत्तर यायचं, माणूस निघाला आहे, तोवर जमवून घ्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्यांना काय जातं? नागभीडच्या बाजूच्या पुढच्या स्टेशनातही हीच गत. तिथला मास्तर माझ्यासारखाच एकटा, वर त्याला एक दिवसाआड ताप.

मग गाड्या उशिरा नाही धावणार तर काय? दोन गाड्यांच्या मध्ये मी टेबलावर डोकं टेकायचो. कधी तासाची झोप हवी असली तर पुढच्याला कळवायचो, बाबा, मालगाडी जरा धर. तो धरायचा. उद्या त्याच्यासाठी मी धरायचो. प्रवासी खिडकीशी येऊन बोंबलायचे, "अजी मास्तर, गाडी काऊन नाई येऊन राह्यली?" मी वसकन अंगावर जायचो. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात झोप नाही.

रजिस्टरात उशिराच्या कारणाचा एक रकाना असे. त्यात 'झोप' लिहिलं तर नोकरी गेली. म्हणून मी लिहायचो, 'तारेत बिघाड'. पुढचाही तेच लिहायचा, त्याच्या पुढचाही. अख्ख्या लाईनीवर सगळ्यांच्या तारा बिघडलेल्या! ऑफिसनं ते वाचलं आणि माणूस पाठवला, पण कोण? तार दुरुस्त करणारा. तो बिचारा खांब न खांब तपासून गेला आणि म्हणाला, तार उत्तम आहे. मी त्याला चहा पाजला. हसावं की रडावं कळेना.

ह्या सगळ्यात मला तारून नेलं ते आमच्या सांधेवाल्यानं. सांधेवाला म्हणजे रुळाचे सांधे बदलणारा, सिग्नल पाडणारा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. जातीनं धिवर. स्टेशनापासून मैलभरावर तलाव होता, त्याच्या काठचं त्याचं गाव. बाप आणि धाकटा भाऊ तलावात मासे धरायचे, थोडी धानाची शेती. हा मात्र सातवी पास झालेला, अक्षर असं की माझ्याहून देखणं. त्याची बायको, माझी वहिनी, रोज दुपारी त्याच्याबरोबर माझाही डबा पाठवायची. भात आणि झिंग्यांचं कालवण. मी तेव्हा बिनलग्नाचा, स्वतःच्या हातचं खाऊन कंटाळलेला. त्या कालवणाची चव अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू.

तर ह्या भाऊनं एक युक्ती काढली होती. फेकायच्या जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात, जाळं बुडावं म्हणून. बापाच्या जुन्या जाळ्याचे तसे मणी त्यानं एका सुतळीत ओवून आणले, दोन माळा केल्या. टेबलासमोरच्या भिंतीत दोन खिळे ठोकले, एक चांद्याच्या बाजूचा, एक नागभीडच्या बाजूचा. मी समोरच्या स्टेशनाला वाट दिली, म्हणजे त्याची गाडी माझ्याकडे निघाली, की त्यानं त्या बाजूच्या खिळ्यावर माळ लटकवायची. गाडी शेवटच्या डब्यासकट आत आली की काढून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. माळ लटकलेली असताना त्या बाजूला गाडी सोडायची नाही, मग रजिस्टर काहीही म्हणो.

"तुमचं डोकं जाळ्यावानी झालं मास्तर," तो म्हणाला होता. "भोकंच भोकं. त्याले शिसं लागते."

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. साहेब तपासणीला आला असता तर दोघांची गठडी वळली असती. पण त्या मण्यांनी एकदा आम्हाला वाचवलं. सकाळची वेळ. मी रजिस्टर बघितलं, वाट मोकळी. समोरच्याला विचारायचं विसरूनच चिठ्ठी लिहायला घेतली. भाऊनं माझा हात धरला आणि भिंतीकडे बोट केलं. चांद्याच्या खिळ्यावर माळ होती. मी म्हणालो, "अहो भाऊ, रजिस्टरात तं काहीच नाई." तो म्हणाला, "तुमी वाट देल्ली. मी आयकलो. लिहाचं राह्यलं असंन." पंधरा मिनिटांत त्या बाजूनं मालगाडी शिट्टी वाजवत आली. मी रजिस्टर नीट उघडून बघितलं, तर वाट दिल्याची ओळ मी आदल्या दिवसाच्या पानावर लिहून ठेवली होती. झोपेत. अक्षर माझंच. त्या दिवसापासून मी रजिस्टराहून त्या मण्यांवर जास्त भरवसा ठेवू लागलो.

आता त्याच्या परीक्षेचं सांगतो. खात्याची एक परीक्षा असे. सांधेवाला सातवी पास असला आणि त्याला तार येत असली तर ती देऊन तारबाबू होता यायचं, आणि तारबाबू झाला की पुढे मास्तर. नागपूरला परीक्षा. वयाची अट होती, आणि भाऊ त्या अटीच्या काठावर उभा होता. ह्या श्रावणात बसला तर बसला, पुढच्या खेपेला फॉर्मच घेणार नव्हते.

तार त्याला मी शिकवली. परोपकार म्हणून नाही, स्वार्थच होता. तो पास झाला की मला हक्काचा जोडीदार मिळणार, मला रात्री झोप मिळणार. पण शिकवता शिकवता मलाच गोडी लागली. पठ्ठ्या जेवताना थाळीवर, सिग्नलच्या खांबावर, जिथे मिळेल तिथे बोटानं ठोकत बसायचा. दोन महिन्यांत माझ्या बरोबरीनं तार वाचू लागला. वहिनीनं त्याच्यासाठी पांढरा सदरा शिवून घेतला. गावात म्हातारी माणसं म्हणायची, धिवराचा पोरगा मास्तर होते का बाप्पा! तो नुसता हसायचा.

परीक्षा शुक्रवारी सकाळी. छोट्या लाईनची पॅसेंजर सकाळी नऊला आमच्याकडे यायची, दुपारी बाराच्या आत नागभीडला पोचायची, तिथे नागपूरची गाडी मिळायची. दिवसाला एकच. पावसानं नाले भरलेले, मोटारी बंद. तो बुधवारीच निघणार होता. म्हणाला, "एक दिवस आधी जातो मास्तर. गाड्याइचा काई भरोसा नाई."

मी म्हणालो, "भाऊ, एक दिवस थांबा ना. तुम्ही गेले तं मी मरीन. गुरुवारच्या गाडीनं जा, संध्याकाळी नागपुरात."

तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघून थांबला. ती माझी पहिली चूक, आणि खरं सांगायचं तर बाकी सगळं तिच्यातूनच निघालं.

गुरुवारी सकाळी त्याच्या जागी रुळावरचा एक गडी बदली म्हणून आला. मी आदल्या सकाळपासून जागा होतो. पहाटे पुढच्या मास्तरानं विचारलं होतं, माझ्याकडे लाकडाची मालगाडी उभी आहे, येऊ देऊ का? मी नाही म्हटलं होतं, आधी पॅसेंजर जाऊ दे. निदान मला तसं आठवत होतं. साडेआठला मी पॅसेंजरसाठी वाट मागितली. त्यानं दिली, नंबर सांगितला, मी लिहून घेतला. मग डोकं टेबलावर टेकलं असणार. गाडीच्या शिट्टीनं दचकून उठलो, चिठ्ठी लिहिली, आणि भिंतीकडे बघितलं.

नागभीडच्या बाजूच्या खिळ्यावर माळ लटकत होती.

माळ आहे म्हणजे मी समोरच्याला वाट दिली आहे. मालगाडी निघाली आहे. रजिस्टरात पॅसेंजरचा नंबर माझ्याच हातचा. दोन्ही खरं असूच शकत नाही. ह्यातलं एक मी झोपेत केलं होतं, आणि कोणतं ते मला आठवेना. डोक्यात नुसता भुस्सा. तार ठोकली. उत्तर नाही. पुन्हा ठोकली. पुढचं स्टेशन मुकं. बदलीचा गडी तिकडे लांब सांध्यावर उभा, त्याला हाक मारून बोलावलं. तो म्हणाला, मी आत पायच नाई ठेवला जी.

फलाटावर भाऊ उभा होता. पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी, कपाळाला कुंकू. मी चिठ्ठी मुठीत धरून बाहेर गेलो. गार्ड, ड्रायव्हर, चारदोन उतारू जमले होते. मी विचारलं, "भाऊ, माळ कोनं लटकवली?"

तो एकदम म्हणाला, "मीच लटकवलो मास्तर. सकाळी आंघोळ करून आलो, तुमी टेबलावर झोपले होते. मन्यांची पूजा केलो, पाया पडलो, अन् तिकडच्या खिळ्यावर ठेवलो. आमी जाळं टाकाच्या आधी पूजा करतो ना, तशी. मी त्याच बाजूनं जाऊन राह्यलो, म्हून माह्या वाटंसाठी ठेवलो. तुमाले सांगाचं ध्यानातच नाई राह्यलं. तिकडून गाडी नाई निघाली मास्तर. सोडा तुमी."

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, द्यायची होती चिठ्ठी. मीही आज तेच म्हणतो. पण त्या घटकेला मला काय दिसलं? एक माणूस, ज्याचं सगळं आयुष्य ह्या एका गाडीवर लटकलं आहे, तो सांगतोय की गाडी सोडा. तो असंच सांगणार ना? मी समोर डब्यांच्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या बाया आणि पोरं बघत होतो. पलीकडे वळणाच्या मागे लाकडाची गाडी येते आहे असा मला भास होत होता. भास म्हणजे अगदी आवाज ऐकू येत होता. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुझी परीक्षा हाय म्हून म्हणून राह्यला तू!"

त्याआधी मी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

गार्डानं खाली बघितलं. भाऊनं काखेतली पिशवी फलाटावर ठेवली. म्हणाला, "मंग मी लाल झेंडी घेऊन पुढं पुढं धावतो. गाडी मागून हळूहळू येऊ द्या. कोनी आलं समोरून तं मी आधी मरन."

"वळणावर लाल झेंडी कोणाले दिसते एवढ्या पावसात?" मी ओरडलो. "गाडी सुटणार नाही म्हणजे नाही!"

आणि मी आत जाऊन बसलो. तार ठोकत राहिलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. बाहेर लोक मला काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ गाडीत जाऊन बसला नाही, खिडकीशीही आला नाही. इंजिनाच्या पुढे रुळाकडे बघत उभा राहिला, पावसात, नव्या सदऱ्यात. मी मधून मधून त्याच्याकडे बघायचो आणि मान फिरवायचो. त्याच्या पाठीवर सदरा चिकटला होता.

पावणेबाराला यंत्र कडकडलं. पुढचा मास्तर विचारत होता, पॅसेंजर आहे कुठे? मी ठोकलं, तुझी मालगाडी कुठे? तो म्हणाला, इथेच उभी आहे, पहाटे तूच नाही म्हणालास ना? पॅसेंजरला वाट देऊन त्याला ताप भरला होता, तो तसाच यंत्राशेजारी आडवा झाला होता. त्याला तरी काय बोलणार? मी असतो तर मीही पडलो असतो.

चिठ्ठी दिली. गाडी निघाली. भाऊ शेवटच्या डब्यात चढला. माझ्याकडे बघितलं नाही.

तो संध्याकाळच्या गाडीनं परत आला. नागभीडला नागपूरची गाडी त्याला भेटलीच नव्हती, ती वेळेवर गेली होती. त्या दिवशी अख्ख्या लाईनीवर तेवढी एकच गाडी वेळेवर गेली असेल. मोटारीच्या अड्ड्यावर विचारून आला, नाल्यावरून कमरेएवढं पाणी. दुसऱ्या दिवशीच्या गाडीला काही अर्थ नव्हता, सकाळीच परीक्षा. तो आला, सदरा काढून खुंटीला टांगला, रोजचा निळा अंगरखा घातला, बदलीच्या गड्याकडून सांध्याची चावी घेतली आणि कामाला लागला. काही झालंच नाही असा.

माझी हिंमत होईना. शेवटी उगाच काहीतरी करावं म्हणून उठलो आणि खिळ्यावरची माळ काढली. सकाळपासून ती तशीच होती. हातात घेतली तर बोटं लाल झाली. मण्यांना कुंकू लावलेलं होतं, सुतळीला हळद होती, एका गाठीत तांदळाचा दाणा अडकला होता. टेबलापासून खिळ्यापर्यंत तीन पावलं. सकाळी तीन तास मी त्या माळेकडे बघत बसलो होतो, पण उठून तीन पावलं गेलो नव्हतो. गेलो असतो तर कुंकवावरूनच कळलं असतं, त्याला विचारायचीही गरज नव्हती.

मी बाहेर गेलो. म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं."

तो कंदिलाची काच पुसत होता. म्हणाला, "नाई मास्तर. गाडी अडवली ते बराबर केलं. डोकं ठिकाणावर नसलं तं अडवाचीच. मीबी अडवली असती." मग काच पुसायची थांबवून म्हणाला, "पन मी खोटं बोलून राह्यलो, असं काऊन वाटलं तुमाले? इतक्या दिवसांत त्या खिळ्यावर मी कधी खोटं टांगलो का?"

एकच सांगतो, कोणाला सांगितलेलं नाही. गाडी अडवून मी आत येऊन बसलो तेव्हा, त्या सगळ्या भीतीच्या तळाशी, मला क्षणभर बरं वाटलं होतं. हा गेला नाही तर उद्या मी एकटा नसेन, असं काहीतरी. तेव्हा मी ते स्वतःलाही कबूल केलं नाही. झोप नसली की माणूस किती नीच होतो हे ज्याचं त्यालाच कळतं.

ऑफिसचा कागद आला, पॅसेंजर एवढी का खोळंबली, खुलासा द्या. मी रजिस्टर उघडलं. मण्यांचं लिहावं तर भाऊ गोत्यात, झोपेचं लिहावं तर मी. माणसं नाहीत हे लिहून तर हात दुखले होते. शेवटी लिहिलं, 'तारेत बिघाड'. दुसऱ्या दिवशीही वहिनीचा डबा आला, तेच झिंग्यांचं कालवण. भाऊनं पुढ्यात ठेवला आणि निघून गेला.

त्या दुपारी एक मालगाडी आली. मी समोरच्याला वाट दिली आणि सवयीनं भाऊकडे बघितलं. एरवी तो पत्र्याच्या डब्यातून माळ काढायचा आणि सरळ खिळ्यावर लटकवायचा, मी मान वर करून बघतही नसे. त्या दिवशी तो माळ घेऊन माझ्या टेबलापाशी आला. तळहात उघडून माझ्या नाकासमोर धरला.

"पाहून घ्या मास्तर," तो म्हणाला.

मी बघितलं. मग तो गेला आणि त्यानं माळ लटकवली. गाडी आत आली, त्यानं माळ काढली, पुन्हा टेबलापाशी आला. "पाहून घ्या मास्तर." आवाजात राग नाही, टोमणा नाही. मला वाटलं दोनचार दिवस चालेल. पण ते प्रत्येक गाडीला झालं, रोज झालं. मी एकदा हात जोडले, म्हणालो, भाऊ, पुरे करा आता. तो म्हणाला, "नाई जी. पाह्यलेलं बरं असते."

कार्तिकात एकदाचा माणूस आला. वऱ्हाडाकडचा पोरगा, त्याच परीक्षेत पास होऊन आलेला. तार त्याला यथातथाच यायची, भाऊला त्याच्यापेक्षा चांगली येत होती. भाऊनं त्याला सगळं दाखवलं, सांधे, सिग्नल, दोन खिळे आणि मण्यांच्या माळा. पुढे माझी बदली होईपर्यंत आम्ही दोघं मास्तर पाळीपाळीनं काम करत होतो, आणि मला रोज सात तास झोप मिळत होती. पाळी बदलताना मी मुद्दाम दारात घुटमळून बघायचो. त्या पोराच्या पाळीत भाऊ डब्यातून माळ काढायचा आणि सरळ जाऊन खिळ्यावर लटकवायचा. पोरगा मान वर करूनही बघत नसे. मग माझी पाळी लागायची. मी खुर्चीत बसलो, पहिल्या गाडीला वाट दिली, की भाऊ माळ घेऊन टेबलापाशी यायचा आणि तळहात उघडायचा.